मेदाआड झिजणारे बळ

वृद्धांच्या प्रश्नांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा निवृत्तिवेतनाच्या रकमेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक गोव्याइतकी या प्रश्नाची निकड फार थोड्या राज्यांना असेल. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांचे प्रमाण येथे शेकडा अकराहून अधिक भरले; केरळ वगळता कोणत्याही राज्यात ते इतके नव्हते. मुक्तीच्या वेळी, १९६१ साली, जी मुले शाळेत जात होती ती आज सत्तरी उलटून ऐंशीच्या दिशेने निघाली आहेत. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळले. प्रौढांत ते शेकडा २६.४ होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे ज्या तिसऱ्या व्याधीकडे लक्ष जायला हवे, तिचे नावदेखील अद्याप आपल्या बोलण्यात आलेले नाही. उतारवयात स्नायू झिजत जाणे आणि त्याच शरीरावर मेद चढत जाणे, ही ती व्याधी होय.

खुद्द वैद्यकशास्त्राला हे नाव उशिराच सुचले. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ साली मांस आणि उणीव या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून ‘सार्कोपीनिया’ ही संज्ञा बनविली. आणि लठ्ठपणाच्या सोबतीने येणाऱ्या स्नायुक्षयाची एकमताने व्याख्या करण्यासाठी युरोपातील दोन वैद्यकीय संस्थांना २०२२ साल उजाडावे लागले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात मात्र अतिस्थूल माणसाचा मेद तेवढा वाढतो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे निरीक्षण नमूद आहे. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा डांगोरा पिटणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण घरच्या ग्रंथात असलेले हे वाक्य आपण डोळ्यांआड केले, हेही नाकारता येत नाही.

ही व्याधी लपून राहते याचे कारण वजनकाटा. दहा वर्षांत वजन जागचे हलले नाही म्हणून माणूस समाधान मानतो. परंतु काट्याला मांस आणि मेद यांतला फरक कळत नाही. तीन किलो स्नायू गेले आणि तीन किलो चरबी आली तरी तो पूर्वीचाच आकडा दाखवितो. आपल्या लोकांच्या बाबतीत ही फसगत अधिकच संभवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून तसा असेलच असे नाही, हे या एका उदाहरणाने जगापुढे आले. त्यात आपली सामाजिक दृष्टीही या फसगतीला हातभार लावते. हाडे दिसणाऱ्या म्हाताऱ्याची कीव केली जाते. अंगाने भरलेला म्हातारा खाऊनपिऊन सुखी समजला जातो. त्याला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो, हे कोणी पाहत नाही.

स्नायू केवळ ओझी उचलण्यासाठी नसतात. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर मुख्यतः तेच शोषून घेतात. ते घटले की साखरेला जागा उरत नाही. मेद वाढतो, तो उरलेल्या स्नायूंच्या तंतूंतही शिरतो, हालचाल आणखी जड होते आणि न हलल्याने स्नायू आणखी झिजतात. पुढे एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, माणूस अंथरुणाला खिळतो. अंथरुणाची किंमतही मोजून ठेवलेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना अवघे दहा दिवस पडून राहायला लावले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस नाहीसे झाले होते.

आता आपल्या घरात डोकावू. पूर्वी म्हातारी विहिरीतून घागर ओढीत असे, दात्यावर दळीत असे, अंगण सारवीत असे. पाटावर बसून जेवायचे म्हणजे दिवसातून निदान दोनदा जमिनीवरून उठणे आलेच. त्या जीवनात कष्ट आणि हालअपेष्टा होत्या. ते परत यावे असे कोणी म्हणणार नाही, आम्ही तर नाहीच. परंतु त्या कष्टांसोबत शरीराला आपोआप मिळणारे वळण गेले, आणि त्याची भरपाई आपण केली नाही. पाटाच्या जागी टेबल आले, देवळातल्या पंगतीतही वडीलधाऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या जातात. सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ मुलगा बाजारची पिशवी बापाच्या हातून काढून घेतो. या वागण्यात प्रेम आहे, संस्कार आहे; पण आदरापोटी आपण वृद्धांच्या हातचे काम काढतो आणि कामाबरोबर बळही काढून घेतो.

ताटाची कथा याहून वेगळी नाही. रात्री पेज आणि लोणचे, सकाळी चहात बुडविलेला पाव, वारानुसार उपवासाची साबुदाण्याची खिचडी. यात पिष्ट भरपूर आहे, मांसधातू घडविणारी प्रथिने मात्र जेमतेम. नुस्त्याची तुकडी मुलाच्या नि नातवंडांच्या पानात गेल्यावर घरच्या म्हातारीच्या वाट्याला हुमणाचा रस येतो, हे आपल्या किती घरांत घडते याचा विचार ज्याने त्याने करावा. आपल्या देशातील शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वृद्धांना ती एक ते सव्वा ग्रॅमच्या दरम्यान लागतात, असे तज्ज्ञांचे मत आहे. व्रतवैकल्यांशी आमचे भांडण नाही. सोमवारी नुस्ते नको तर चणे, मूग, दही आहेतच; एकादशीला साबुदाण्यात दाण्याचे कूट मुठीने घालावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून आहारात बदल करू नये.

या व्याधीवरचा नेहमीचा सल्ला, ‘वजन उतरवा, कमी खा’, हा अर्धवट आहे आणि म्हणून धोक्याचा आहे. उपाशी राहून वजन उतरले तर मेदाबरोबर मांसही उतरते. २०२५ पासून वजन घटविण्याची जी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात गाजत आहेत, त्यांनी उतरणाऱ्या वजनातही स्नायूंचा वाटा असतोच. पासष्टी ओलांडलेल्या १६० लठ्ठ व्यक्तींचा एक प्रयोग २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आहार घटवून केवळ चालणे वगैरे व्यायाम करणाऱ्यांचे मेदविरहित वजन पाच टक्क्यांनी घटले, वजने उचलणाऱ्यांचे दोन टक्क्यांनी. आणि दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सर्वांत अधिक सुधारली. मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी फेऱ्या मारणारे वृद्ध पाहून आम्हांला आनंदच होतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. वय झाले, आता काय व्हायचे, ही सबबही टिकत नाही. बोस्टनमधील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली गेली. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली जाहीर झाले.

वयोवृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अस्तित्वात आहे. तेव्हा वृद्ध माणूस आरोग्य केंद्रात आला की रक्तदाब, साखर आणि वजन एवढ्यावरच तपासणी थांबू नये. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहण्यास खर्च येत नाही. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पुढील तपासणी हवी, असा आशियाई तज्ज्ञांचा २०१९ चा निकष आहे. एकेकाळी मास्तर शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावीत. आता डॉक्टरांनी त्या मोजून घ्याव्यात! हाताची पकड मोजण्याचे साधे यंत्रही असते. पुरुषाची पकड २८ किलोंहून आणि स्त्रीची १८ किलोंहून कमी भरली तर तो इशारा समजला जातो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असे एक यंत्र आणि आठवड्यातून दोन दिवस तरी व्यायाम शिकविणारा प्रशिक्षित माणूस देणे आरोग्य खात्याला जड जाऊ नये. पंचायतींच्या आणि देवस्थानांच्या सभागृहांना सकाळच्या वेळी बहुधा कुलूप असते. ती या कामासाठी उघडून मिळावीत. येत्या अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनाच्या वाढीवर वाद होईल तेव्हा विरोधी पक्षाने आणि सरकारने या लहानशा तरतुदीचाही हिशेब सभागृहापुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे.