रिकामें भांडें

2019 च्या ऑगस्टांत गोदावरीला महापूर आला आणि सायखेड्यांत पाणी शिरलें, हें आमच्या वाचकांना वर्तमानपत्रांवरून ठाऊक असेलच. निफाड तालुक्यांतील हें गांव नदीच्या अगदीं अंगाशीं वसलेलें. त्यामुळें पुराची ओळख तेथें पिढीजाद. आमच्या आत्याबाईंचें घर त्या गांवांत आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही तेथें पोंचलों तेव्हां स्वयंपाकघरांत घोटाभर गाळ होता, आणि आत्याबाई ओट्यावर बसून डबे पुशीत होत्या. चहाचें आधण ठेवण्यापुरती सोय झाली होती. दूध मात्र साऱ्या आळींत नव्हतें.

इतक्यांत आळीच्या टोकाची एक म्हातारी जर्मनचें लहानसें पातेलें पदराखालीं धरून आली. "काकू, च्यापुरतं हाये, घ्या. शेळीचं हाये." तिचें स्वतःचें घर अर्धें खचलें होतें. शेळी तेवढी आदल्या रात्रीं वरच्या माळावर नेली, म्हणून वांचली.

शेळीचें दूध त्या घरांत पूर्वीं कधीं आलें असेल असें आम्हांला वाटत नाहीं. आत्याबाईंनीं कांहीं न बोलतां त्याचा चहा केला, आम्ही सर्वांनीं तो घेतला. मग त्या पातेलें धुऊन इकडे तिकडे पाहूं लागल्या. आलेलें भांडें रिकामें परत धाडावयाचें नाहीं, ही जुनी रीत; परंतु धान्यें भिजलीं होतीं, साखरेचें पाणी झालें होतें. अखेर वरच्या फडताळांतल्या एका डब्यांत गुळाचा खडा सांपडला. त्यांतला अर्धा त्यांनीं पातेल्यांत घातला. "आभारी आहे" असें त्या म्हणाल्या नाहींत. आभार हा सभेच्या शेवटचा कार्यक्रम. घरांत तो शब्द उच्चारला तर समोरचें माणूस ओशाळतें.

त्या रात्रीं वीज नव्हती. मेणबत्तीशीं बसून आम्हीं आत्याबाईंना जी हकीकत सांगितली ती शेळीवरूनच आठवली होती. आणि तिचा एक धागा याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशकांत, गुंतलेला आहे.

आज नाशकांत शरणपूर रस्ता म्हणून जो मोठा रहदारीचा रस्ता आहे, त्याला ज्या वस्तीचें नांव मिळालें ती चर्च मिशनरी सोसायटीनें 1854 च्या सुमारास वसविली. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांतील कित्येक या शरणपुरांत येत. तेथें त्यांना लिहिणें-वाचणें शिकवीत. सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. आईबापांचें नांव हरवलेल्या या मुलांना नवीं नांवें मिळालीं. त्यांपैकीं एक जेकब वेनराइट.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटलंडचा वैद्य. तो मिशनरी म्हणून आफ्रिकेंत गेला आणि पुढें तो खंड धुंडाळण्यांतच त्याचें आयुष्य गेलें. 1866 सालीं शेवटच्या प्रवासास निघतांना त्यानें नाशिकचीं नऊ मुलें बरोबर घेतलीं होतीं. 1872 सालीं जेकब व आणखी कांहीं नाशिककर त्याला जाऊन मिळाले. त्या प्रवासांत लिव्हिंग्स्टनची औषधाची पेटीच चोरीस गेली. पुढें पुढें तो मक्याच्या कणसांवर दिवस काढी, व तीं चावतांना त्याचे दांत गेले. स्टॅन्लेनें त्याला परत चलण्याचा आग्रह केला. तो गेला नाहीं. अंगांत रक्त उरलें नव्हतें, अन्न पचत नव्हतें. 27 एप्रिल 1873 रोजीं त्यानें रोजनिशींत जें शेवटचें लिहिलें, तें दुभत्या शेळ्या विकत आणावयास माणसें पाठविल्याबद्दल आहे. एवढ्या मोठ्या कीर्तीच्या माणसाची शेवटची लिहिलेली गरज पेलाभर दुधाची होती.

शेळ्या मिळाल्या नाहींत. टोळ्यांनीं तो मुलूख लुटून नेला होता. तरीहि तेथल्या गांवच्या मुख्यानें एक करडूं आणि तीन टोपल्या भुईमूग या परक्या पाहुण्यांकडे धाडले. हें ऐकतांच आत्याबाईंनीं मान वर केली.

पुढें तो गेला. बरोबरच्या माणसांनीं त्याचें काळीज एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं प्रार्थना जेकबनें वाचली व झाडावर नांवहि त्यानेंच कोरलें. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हांत वाळविला, कापडांत व सालींत गुंडाळला, आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवून समुद्रकांठीं आणला. वाटेंत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें, येथेंच पुरा, असें सुचविलें. त्यांनीं ऐकलें नाहीं. सूसी व चूमा हे या मंडळींचे पुढारी. 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनांतील वेस्टमिन्स्टर अॅबींत जो दफनविधि झाला, त्यांत शवपेटीबरोबर जेकब होता.

परदेशीं धर्मकार्यास गेलेल्यांचें लिखाण वाचतांना, थोडक्यांत भागलें याचा एक निर्मळ आनंद त्यांत आढळतो. तो खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मागें घर सोडून आलेल्याचा साधेपणा त्यानें स्वतः निवडलेला असतो. स्टॅन्लेबरोबर परतण्याची वाट लिव्हिंग्स्टनला मोकळी होती. शरणपुरच्या मुलांना सोडावयास कांहीं नव्हतेंच. कृतज्ञ असावें असें त्यांना शाळेंत शिकविलें असेल. पण तें ओझें नऊ महिने वाहिलें तें शिकवणुकीनें, कीं माणसाच्या प्रेमानें, हें कोणीं ठरवावें? आमचें मत दुसऱ्या बाजूस झुकतें.

"मग त्या पोरांचं भांडं कशानं भरून पाठवलं?" आत्याबाईंनीं विचारलें.

आम्हीं सांगितलें, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें पदकें पाडविलीं. पण माणसें तोंवर पांगलीं होतीं. जेकब आफ्रिकेस परतला आणि 1892 सालीं तेथेंच वारला. मॅथ्यू वेलिंग्टन नांवाचा एक नाशिककर सोबती मोंबासा येथें 1935 पर्यंत जगला.

"आणि भुईमूग धाडले त्याचं?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आत्याबाईंनीं मेणबत्ती विझविली, ती दुसऱ्या दिवसाला हवी होती.

सकाळीं म्हातारी पुन्हां आली. पातेलें तिच्या पदराखालीं होतेंच.