वास टॉवेलाचा, बोल मात्र बाईला

गेल्या पावसाळ्यात एका पुनर्वसन वसाहतीत आम्ही आरोग्य तपासणीला बसलो होतो. सहावीतल्या मुलीला घेऊन तिची आई आली. मुलीच्या मानेवर गजकर्णाचे दोन गोल चट्टे होते. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तरी आई जागची उठेना. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, शाळेत हिला मागच्या बाकावर बसवलंय. हिच्या रुमालाला वास येतो म्हणतात. मी रोज धुते हो. रोज." तिने पिशवीतून रुमाल आणि टॉवेल काढून आमच्यापुढे ठेवले. दोन्ही स्वच्छ धुतलेले होते आणि दोन्हींना कुबट वास होता.

आम्ही तिच्या घरी गेलो. दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. माणसं पाच, टॉवेल तीन. खोलीत आडव्या बांधलेल्या एका दोरीवर साऱ्या घराचे कपडे एकावर एक टाकलेले. गॅलरीत दोरी बांधली तर दंड, आणि गच्चीला कुलूप. त्या बाईने महिन्याच्या खर्चातून पैसे काढून सुगंधी लिक्विडची बाटली आणली होती. दोन दिवस वास झाकला गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच.

तेव्हा आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. टॉवेलाचा वास हा ओलाव्याचा असतो, बाईच्या आळसाचा नसतो. त्यावरचा इलाज ऊन आणि वारा आहे, सुगंध नाही. आणि ऊन-वारा घरात येत नसेल, तर ती एकट्या बाईची अडचण नाही, साऱ्या वस्तीचा प्रश्न आहे.

वास येतो कसा, ते आधी समजून घेऊ. आपण अंग पुसतो तेव्हा घाम, अंगावरचं तेल, त्वचेचा मृत थर आणि साबणाचा अंश टॉवेलाला लागतो. टॉवेल ओलाच राहिला की त्यावर जंतू वाढतात आणि वास तयार होतो. २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी कपड्यांच्या या कुबट वासामागे मोराक्सेला जातीचा एक जंतू असल्याचं दाखवलं. तो धुण्यातून आणि वाळण्यातूनही तग धरू शकतो. म्हणून तर धुतलेला, वरून कोरडा वाटणारा टॉवेल अंग पुसताना ओला झाला की पुन्हा वास मारतो. धुण्यात बाईची कसूर नसते, जंतू धाग्यात टिकून राहिलेले असतात.

साबण जास्त घातला की वास जाईल, हा समज चुकीचा आहे. नीट न निघालेला साबण धाग्यात बसतो आणि त्यावर मळ धरतो. बोअरच्या जड पाण्याला तर फेसच येत नाही. मग आपण आणखी साबण घासतो आणि त्याचा चिकट थर कपड्यावर बसतो. कपडा मऊ करणारी लिक्विडंही धाग्यावर थर चढवतात, त्यामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो. टॉवेलापुरता तरी तो खर्च वाचवावा.

मग करायचं काय? टॉवेल वापरून झाला की झटकून, पूर्ण उलगडून दोरीवर टाकावा. खुंटीवर गोळा करून, दारावर घडी घालून किंवा खाटेवर टाकून तो वाळत नाही. हे काम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही करायचं आहे. ज्याने अंग पुसलं, त्यानेच टॉवेल वाळत घालावा. तीन-चार वेळा वापरला की टॉवेल धुवावा, पावसाळ्यात त्याहून लवकर. तोंड पुसायचा रुमाल आणि अंग घासायचं फडकं रोज धुवावं. ओले कपडे बादलीत रात्रभर बोळा करून ठेवू नयेत. दुसऱ्या दिवशीच्या वासाची सुरुवात तिथेच होते.

वास मुरलेलाच असेल तर आठवड्यातून एकदा पांढरे सुती टॉवेल गरम पाण्यात भिजवावेत. अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरतो, अर्धा तास ठेवावं. तो खाण्याचा सोडा नव्हे, हे लक्षात असू द्या, आणि हाताला झोंबत असेल तर काठीने ढवळा. मग दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा, घट्ट पिळा आणि लगेच वाळत घाला. ओट्याचं फडकं दहा मिनिटं पाण्यात उकळलं तरी चालतं. रंग जाणारे कपडे यात घालू नयेत. ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर, ॲसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि लहान मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

ओट्याचं, ताटं पुसायचं आणि फरशीचं फडकं वेगवेगळं ठेवा. मासिक पाळीचे कपडे वापरणाऱ्या बहिणींनाही हेच सांगणं आहे. ते कपड्यांखाली लपवून अंधारात वाळवू नका. त्यांना उन्हाची सर्वांत जास्त गरज आहे.

आणखी एक गोष्ट. लग्नाच्या आहेरातला जाड टर्किश टॉवेल दिसायला छान, पण दमट खोलीत तो दिवसभर ओलाच राहतो. आपल्या आजोबांचा पातळ सुती पंचा तासा-दोन तासांत वाळतो. जागा कमी असेल तर माणशी दोन पंचे घ्यावेत, एक वापरात आणि एक दोरीवर.

माणशी वेगळा टॉवेल का, तर वासाचे जंतू आणि गजकर्णाची बुरशी एक नव्हेत, पण ओला आणि सामायिक टॉवेल दोघांच्याही सोयीचा असतो. खरूजही अंगाला अंग लागून आणि कपड्यांतून पसरते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली, तेव्हा एकाच रुमालाने तोंड पुसणाऱ्या घरांत ती लवकर फिरली, हे आम्ही वस्तीत पाहिलं. गजकर्ण झालं तर मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नका. खाज थांबते, पण आजार आत पसरतो. डॉक्टरांना दाखवा आणि घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांचाही उपचार एकदमच करा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. "वास येतो" हे वाक्य आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलं आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना स्वच्छ राहण्याचा आग्रह धरला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच गावातल्या आहेत. स्वच्छता आपण पाळायचीच, पण तिला लागणारं पाणी, ऊन आणि जागाही मागायची, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. एकीला सोडून दुसरी सांगितली की तो उपदेश होतो, आणि बोल बाईला लागतो.

मुंबईत गोवंडीच्या काही पुनर्वसन वसाहतींत हवा-उजेडाची टंचाई आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासातून पुढे आला आहे. क्षयरोग टॉवेलातून नाही, हवेतून पसरतो. पण ज्या घरात टॉवेल वाळत नाही, त्या घरात हवाही खेळत नाही, एवढं समजायला यंत्र लागत नाही. वाळणारा टॉवेल हे घराच्या तब्येतीचं साधं मोजमाप आहे.

त्या इमारतीतल्या सात-आठ बायका मिळून सोसायटीच्या कमिटीकडे गेल्या. गच्ची सकाळी आठ ते संध्याकाळी पाच उघडी ठेवा आणि दोऱ्या बांधू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. पहिल्यांदा नकार मिळाला. दुसऱ्यांदा त्या लेखी अर्ज घेऊन गेल्या. तिसऱ्यांदा किल्ली मिळाली. आज गच्चीवर मजल्यागणिक दोऱ्या आहेत. मुलीचे चट्टे औषधाने गेले. शाळेत तिची आई रुमाल घेऊन स्वतः गेली आणि मुलीला पुढच्या बाकावर बसवूनच घरी आली.

तेव्हा भगिनींनो, सुगंधी बाटली घेण्याआधी एक काम करा. आपल्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा. आणि विचारायला एकट्या जाऊ नका.