ईलिंगला गोड म्हणू नका

ईलिंग स्टुडिओचा विषय निघाला की भल्याभल्या समीक्षकांचा स्वर हळवा होतो. निरागस विनोद, लंडनच्या जुन्या गल्ल्या, भाबडी माणसं, आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा सुस्कारा. हे सिनेमे धड पाहिलेला माणूस असा सुस्कारा सोडूच शकत नाही.

पश्चिम लंडनमधल्या या जागेवर १९०२पासून सिनेमाचं काम चालत आलं आहे. पण ईलिंगचं नाव झालं ते मायकेल बाल्कन यांच्या काळात, १९३८ ते १९५५मध्ये. त्या काळातल्या 'वेन्ट द डे वेल?'मध्ये (१९४२) खेड्यातली पोस्टमास्तरीण जर्मन सैनिकाच्या डोळ्यांत मिरपूड फेकते आणि कुऱ्हाडीने त्याला ठार करते. 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'चा (१९४९) नायक सरदारकीसाठी आपल्याच आप्तांचे एकामागून एक खून पाडतो, आणि आपण त्याच्या बाजूचे होतो. 'द मॅन इन द व्हाइट सूट'मध्ये (१९५१) न मळणारं, न फाटणारं कापड शोधणाऱ्या तरुणाच्या मागे गिरणीमालक आणि कामगार दोघंही हात धुऊन लागतात. यात गोड काय आहे?

मग हा गोडवा आला कुठून? काही अंशी खुद्द स्टुडिओतूनच. १९५५मध्ये वास्तू बीबीसीला विकली गेली, तेव्हा बाल्कन यांनी तिथे पाटी लावली. इथे ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव दाखवणारे चित्रपट बनले, असा तिचा आशय. जणू साऱ्या देशाचा स्वभाव एकच! आणि तो ठरवणारे कोण? ज्या लेखकमंडळात डायना मॉर्गन ही जवळजवळ एकटीच बाई होती, ते.

हा वाद केवळ सिनेमावेड्यांचा नाही. ब्रेक्झिटच्या चर्चेत 'पासपोर्ट टू पिम्लिको'चा (१९४९) दाखला वारंवार दिला गेला: एक मोहल्ला जुनी सनद दाखवून ब्रिटनपासून वेगळा होतो. शेवट मात्र सोयीस्कररीत्या विसरला जातो. स्वातंत्र्याला कंटाळलेली तीच माणसं रेशनकार्ड परत मिळाल्यावर आनंदतात!

सिनेमाला 'गोड' म्हटलं की त्याचे दात दिसेनासे होतात. मग तो कुणाच्याही प्रचाराला जुंपता येतो. ईलिंगवर प्रेम असेल तर आधी त्या सिनेमांचा चावा सोसा.