सरवा कुणाचा?

गेल्या शनिवारी हापिसातर्फे दप्तरं वाटायला गेलो होतो. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, बसमध्ये समोसे, गाणी, सगळं साग्रसंगीत. शाळेत माझ्या वाट्याला सातवीतला एक मुलगा आला. मी दप्तर दिलं, त्याने घेतलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, एकदा परत." मी दप्तर परत घेतलं, परत दिलं. तिसऱ्यांदा पोराने हात पुढे केला, पण मान काही वर केली नाही. फोटो छान आलाय म्हणे. मी अजून पाहिलेला नाही.

येताना बस कॅम्पात लाल देवळापाशी सिग्नलला थांबली. पुणेकरांना सांगायला नको, पण आमच्या मुकुटबनकडच्या वाचकांसाठी सांगतो: हे देऊळ नव्हे, ज्यूंचं सिनेगॉग आहे. डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं, ससून हॉस्पिटलवाला तोच. शेजारचा मित्र म्हणाला, "हे पण आपल्यासारखेच, चॅरिटीवाले." तेवढ्यावरून मी रात्री वाचत बसलो. (शनिवारी रात्री दुसरा उद्योग काय म्हणा.) आणि हो, ज्यू म्हटलं की लोक थेट गाझावर येतात. तो विषय मोठा आहे, पण आजचा नाही.

तर दानासाठी ज्यूंचा जो शब्द आहे, त्झेदाका, तो न्याय या अर्थाच्या शब्दातून आलाय. म्हणजे दिलंत तर उपकार नाही केलेत, देणं फेडलंत. दानावर जगणाऱ्यानेही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचंच, असं त्यांचे जुने गुरू सांगून गेले. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडिताने (पोटापाण्यासाठी हा वैद्य होता) देण्याच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात. सगळ्यात वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला उभं करणं, की त्याला परत मागायला लागू नये. त्याखालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आमची दप्तरं कुठे बसतात ते शोधलं. न मागता हातात दिलं, म्हणून वरून पाचवी. तीसुद्धा फोटो न काढता!

पण मी खरा अडकलो तो पुढच्या गोष्टीत. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्यात हुकूम आहे की कापणी करताना शेताचा कोपरा कापायचा नाही आणि खाली पडलेलं वेचायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. मराठी बायबलात यासाठी शब्द वापरलाय 'सरवा'. हा शब्द मी पुस्तकात पहिल्यांदाच पाहिला, पण ऐकलाय लहानपणापासून. पीक निघालं की वावरात उरलेलं वेचायला बाया यायच्या, त्याला आमच्याकडे सरवा वेचणंच म्हणतात.

साधारण इ.स. २०० च्या सुमाराला ज्यूंनी आपले तोंडी नियम 'मिश्ना' नावाने एकत्र केले, त्यात या कोपऱ्यावर आख्खं प्रकरण आहे. आमच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटांना लाज वाटावी इतकं बारीक. कोपरा किती? निदान एक साठांश. हातातून दोन कणसं पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची. ज्याच्याकडे दोनशे नाणी आहेत त्याने सरव्याला हात लावायचा नाही. आणि मुख्य कलम: कोणी वेचायचं हे मालकाने ठरवायचं नाही. जो एकाला वेचू देतो आणि दुसऱ्याला अडवतो, तो गरिबाला लुटतो. चक्क लुटतो!

हे वाचून मला आमचं वावर आठवलं. २००८ चा हिवाळा, मी अकरा वर्षांचा. शेवटचा वेचा होऊन गेला होता, पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस होता. बाबांनी मला राखणीला बसवलं होतं. तिघी बाया धुऱ्यावरून आत आल्या. एक ओळखीची, आमच्याकडे निंदायला येणारी. दोघी कोलाम पोडावरच्या, अनोळखी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मावशी, तुम्ही वेचा. तुम्ही दोघी निघा इथून." त्या निघाल्या. त्यातल्या एकीने ओट्यात आधीच वेचलेला पसाभर कापूस काढून धुऱ्यावर ठेवला आणि मग गेली. संध्याकाळी मी हे सगळं मोठ्या फुशारकीने घरी सांगितलं होतं.

म्हणून माझं मत असं झालंय की आपल्या मदतीत खोट पैशाची नसते, निवडीची असते. कंपनी कायदा २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. एक साठांश म्हणजे १.६७ टक्के, आकडा तर जवळपास तोच! पण कोणाला द्यायचं ते कंपनी ठरवते, म्हणून घेणाऱ्याला हसावं लागतं. कोपऱ्यातलं कणीस घेताना हसावं लागत नाही.

हे सगळं रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुयं बरोबर आहे. पन आपल्यासाठी कोनं सरवा ठेवला रे?"

त्याच २००८ ची कर्जमाफी. दोन हेक्टरच्या आत असाल तर पूर्ण माफ, वर असाल तर आधी पाऊण भरा, मग पाव सोडू. आमचं सात एकर कोरडवाहू, म्हणजे दोन हेक्टरच्या वर. पश्चिमेकडच्या कॅनॉलवाल्या चार एकरांपुढे ते काय पिकणार? पण बसलो 'मोठ्या' शेतकऱ्यांत. म्हणजे नियम आधी लिहून ठेवला की न्याय झाला, हे माझं लाडकं म्हणणं तिथंच लंगडं पडलं. ज्यूंच्या कायद्यात दर सातव्या वर्षी सगळ्यांचंच कर्ज सुटायचं. तिथेही लोच्या झालाच, सातवं वर्ष जवळ आलं की कोणी उधार देईना. शेवटी हिलेल नावाच्या गुरूने कर्ज न्यायालयाकडे सोपवायची पळवाट काढली, आमच्या भाषेत वर्कअराउंड. कर्जमाफीच्या हवेत बँका हात आखडतात हे आमच्याकडे कोणालाही विचारा.

आणि हे लोक काही परदेशातलेच नाहीत. रायगडातले बेने इस्रायल पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. सुट्टीच्या त्या हुकुमात नोकर आणि बैल दोघांचाही उल्लेख आहे. आमच्या बैलाला पोळ्याचा एक दिवस, त्यांच्या बैलाला वर्षाचे बावन्न! म्हणून ते सगळे संत होते असं नाही. त्यांच्यातही गोरे इस्रायल, काळे इस्रायल असा भेद होताच. पुढे हेच मराठी ज्यू इस्रायलला गेले तर तिथल्या धर्मगुरूंनी लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी मांडली. १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं तेव्हा कुठे तिथल्या संसदेने ठरावात सांगितलं की हे इतरांसारखेच ज्यू आहेत. कोणी वेचायचं हे मालकच ठरवत होता, दुसरं काय.

असो. बाबांना विचारलं, यंदा शेवटचा वेचा झाल्यावर वावर उघडं ठेवाल का, येईल त्याला? ते म्हणाले, बोंडअळीमुळे आता पऱ्हाटी लवकर उपटावी लागते, पहिल्यासारखी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवता येत नाही. मग जरा थांबून म्हणाले, "उपटायच्या आधी आठ दिवस ठेवतो. पन तू राखनीले येऊ नको."