शाळेचं अ‍ॅप कशात बनवावं?



शिक्षकांच्या गटांत एक प्रश्न सारखा येतो. मुलांच्या सरावासाठी अ‍ॅप बनवायचं, तर कोटलिन शिकायचं की फ्लटर? काही जण म्हणतात, ज्या फोनसाठी बनवायचं त्याच्याच साधनात बनवा. बाकीचे म्हणतात, एकदाच लिहा आणि सगळीकडे चालवा. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेच्या बहुतेक कामासाठी या दोन्हींची गरज नाही. साधं वेब पान पुरतं, आणि सगळीकडे चालणारं सगळ्यात जुनं साधन तेच आहे.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट ही त्या-त्या फोनची 'घरची' साधनं. त्यातही आयफोनचं अ‍ॅप बांधायला अ‍ॅपलचाच संगणक लागतो. याउलट फेसबुकचं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (२०१५) आणि गुगलचं फ्लटर (पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८) यांत एकदा लिहिलेलं दोन्ही फोनवर चालतं.

आता कुणी म्हणेल, आपल्या नांदगाव पेठेत आयफोन आहेत किती? एमआयडीसीत ड्यूटी करणाऱ्या घरात एकच फोन, तोही अँड्रॉइड. मग सगळीकडे चालण्याचा अट्टहास कशाला? पण 'सगळीकडे' म्हणजे फक्त आयफोन नव्हे. तोच धडा मूल वर्गातल्या मोठ्या पडद्यावर बघतं, संगणक कक्षातल्या जुन्या विंडोजवर बघतं आणि रात्री बाबा कामावरून आले की त्यांच्या फोनवर बघतं. त्या फोनची मेमरी फोटो-व्हिडिओंनी भरलेली असते. नवीन अ‍ॅप टाकायला सांगितलं की पालकांचं उत्तर ठरलेलं: "सर, आमच्या मोबाईलात जागाच नाही राह्यली जी." त्यांचं काही चुकत नाही. त्या घरातलं मूल मात्र मागे राहतं.

एकाच यंत्राला बांधून घेण्याचा त्रास आपण मराठी शिक्षकांनी चांगलाच भोगलाय. कृतीदेवमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली, की तो फाँट तिथे नसल्यामुळे नुसती गिचमिड अक्षरं. युनिकोड आलं आणि तोच मजकूर फोनवरही वाचता येऊ लागला. फ्लॅशचंही तसंच झालं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याला आधार देणं थांबवलं आणि फ्लॅशमध्ये केलेलं शैक्षणिक साहित्य ब्राउझरमध्ये उघडेनासं झालं. एचटीएमएलमधली जुनी पानं मात्र आजही उघडतात.

दुसरी गोष्ट देखभालीची, आणि माझ्या मते हीच खरी कसोटी. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदा २५ डॉलर लागतात. वैयक्तिक खातं नवीन असेल तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांनी ते सलग १४ दिवस तपासावं लागतं. एवढं करूनही काम संपत नाही. अ‍ॅप वेळोवेळी नव्या अँड्रॉइडला जुळवून घेतलं नाही, तर नवीन फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसतच नाही. ज्या गुरुजींनी ते बनवलं त्यांची बदली चांदूर बाजारला झाली, की हे करणार कोण? कोटलिन किंवा डार्ट (फ्लटरची भाषा) जाणणारं माणूस गावात लवकर सापडायचं नाही. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट मात्र अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात शिकवतात. म्हणजे आपलाच माजी विद्यार्थी ते पान दुरुस्त करू शकतो!

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी एका बारीक गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावं. मराठीतला 'ल' पाकळ्यांचा, हिंदीतला दंडाचा. 'श'चंही वळण वेगळं. अनेक फाँटांत दोन्ही आकार असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर हिंदीचा आकार उमटू शकतो. मूल पाटीवर एक गिरवतं आणि पडद्यावर दुसराच बघतं. वेब पानात ही भाषेची खूण एका शब्दाची असते. फ्लटरमध्येही ती देता येते, पण ज्याला हा फरकच ठाऊक नाही तो ती देईल कशाला?

'घरच्या' साधनांना मी नावं ठेवत नाही. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडून पुन्हा दोन स्वतंत्र अ‍ॅप लिहायचं ठरवलं, पण त्यांच्याकडे दोन्हींसाठी माणसं होती. आपल्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ज्या दीक्षाकडे नेतात, ते मोठं सरकारी काम. त्याच्या मुळाशी असलेल्या सनबर्डचं मोबाइल अ‍ॅपसुद्धा आयोनिकवर, म्हणजे वेबच्याच भाषांवर बांधलेलं आहे.

तेव्हा पाढे, शब्दखेळ, वाचन, चाचणी एवढंच हवं असेल तर चित्रांसकट सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बसवा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते आणि एकदा फोनमध्ये उतरली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. अ‍ॅप बंद असतानाही मागे काही चालू ठेवायचं असेल, किंवा नेट नसताना दिवसभराच्या नोंदी साठवून नंतर आपोआप पाठवायच्या असतील, तिथे वेब पान तोकडं पडतं. मग फ्लटर घ्या, आणि सुरुवातीपासून शाळेतल्या आणखी एका शिक्षकाला सोबत बसवून शिका. प्ले स्टोअरचं खातंही शाळेच्या ईमेलवर काढा, स्वतःच्या नको.