कोणी आहे का?

‘पण मोबाइल असताना हे सगळं कशाला?’ हा प्रश्न मला आजवर दोन डॉक्टर, एक निवृत्त मामलेदार, सोसायटीचे लागोपाठ तीन सेक्रेटरी आणि आमची सौ. इतक्यांनी विचारला आहे. प्रत्येकाची समजूत अशी, की हा प्रश्न जगात प्रथम त्यालाच सुचला. शिवाय विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. प्रश्न टाकायचा आणि विजयी मुद्रेनं चहाचा घोट घ्यायचा, अशी पद्धत आहे. तेव्हा या सर्व मंडळींना एकदाच काय ते लेखी उत्तर द्यावं, म्हणून हा खटाटोप.

‘हे सगळं’ म्हणजे माझा हौशी रेडिओ, ऊर्फ हॅम रेडिओ. (हे दुसरं नाव ऐकल्यावर आमच्या आत्याबाईंनी, “घरात शिजवत तर नाहीस ना रे?” अशी काळजीनं चौकशी केली होती.) सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, ‘व्हीयू’पासून सुरू होणारं एक सांकेतिक नाव मिळवायचं आणि नेमून दिलेल्या लहरींवर आपल्यासारख्याच परवानाधारक वेड्यांशी बोलायचं, असा हा छंद आहे. राजीव गांधींकडेही हा परवाना होता, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुण्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

थंडी पडली की शनिवार-रविवार गाठून आम्ही सहकुटुंब तंबू ठोकायला निघतो. कधी शहापूरकडे माहुलीच्या पायथ्याशी, तर कधी मुरबाडच्या पुढे म्हसा ओलांडून, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतील अशा एका ओळखीच्या शेतावर. सामानाच्या यादीत तंबू, सतरंज्या, तांदळाचं पीठ, खोबऱ्याची चटणी आणि शेवटी ‘तुमचं ते’ असं लिहिलेलं असतं. माझा सेट, बॅटरी, वीस मीटर तार आणि बांबू या चारही वस्तूंना आमच्या घरात एवढं एकच नाव आहे. सकाळी ‘तुमचं ते’ पाठीवर घेऊन मी मागची टेकडी चढतो. चिरंजीव बांबू वाहतात. कन्या दगडाला सुतळी बांधून तो झाडाच्या शेंड्यावरून पलीकडे भिरकावते आणि त्या सुतळीनं तार वर चढते. सौ.च्या हातात चहाचा थर्मास असतो. या मोहिमेतली एकमेव उपयुक्त वस्तू आपल्याकडे आहे, हे ती चेहऱ्यावर स्पष्ट दिसू देते.

टेकडीच कशाला, हाही प्रश्न येतो. तर दोन मीटर लांबीच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. खाली शेतात उभा राहिलो, तर माझा आवाज शेजारच्या गावापर्यंत जाताना धापा टाकतो. माहुलीचा माथा सुमारे २,८०० फूट. तेवढ्या उंचीवरून, मध्ये काही आडवं आलं नाही, तर गणितानं १२० किलोमीटरपर्यंत पोचता येतं. पश्चिमेला कल्याण-मुंबईकडे मोकळं मैदान आहे. पूर्वेला मात्र सह्याद्रीची भिंत. जुन्नरचा माणूस कावळ्याच्या वाटेनं अगदी जवळ, पण त्या भिंतीमुळे मुका. त्याच्यासाठी चाळीस मीटरची लहर वापरायची. ती वर आभाळात दोन-तीनशे किलोमीटरवर असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून खुशाल घाटापलीकडे उतरते. आणि हे सारं पाच वॅटमध्ये! आपण ज्याला ‘झीरोचा बल्ब’ म्हणतो, तो मेलासुद्धा पंधरा वॅट खातो.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. मोबाइलवर मी कोणाशी बोलतो? ज्याचा नंबर माझ्याकडे आहे त्याच्याशी. म्हणजे ज्याचं बोलणं मला आधीच पाठ आहे त्याच्याशी. उलट टेकडीवर मी ‘सीक्यू, सीक्यू’ असा पुकारा करतो. त्याचा अर्थ एवढाच, की ‘कोणी आहे का? जो कोणी असेल त्यानं बोलावं.’ मग कधी नाशिकचा निवृत्त मास्तर सापडतो, कधी गोव्याचा दुकानदार, कधी केरळातला कॉलेजचा मुलगा. नियमाप्रमाणे लहरींवर धंदा, धर्म आणि राजकारण बोलायला बंदी. हे तीन विषय वजा केले तर मराठी माणसानं बोलायचं तरी काय, अशी मलाही पूर्वी धास्ती होती. पण थंडी किती आहे, तार कशाला बांधली, मुलं काय शिकतात, यावर अर्धा तास छान जातो. कोणी कोणाला देशद्रोही म्हणत नाही.

हे माझ्या इंजिनियर मेहुण्याला अजून पटलेलं नाही. मुरबाडच्या टेकडीवर म्हशी चारणाऱ्या पोराला मात्र ते एका मिनिटात कळलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “कोनाला हाका मारता?”

म्हटलं, “कोणालाही. जो ऐकेल त्याला.”

“मंग हाळीच की,” तो म्हणाला आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून त्यानं एक खणखणीत आरोळी ठोकली. पलीकडून दुसऱ्या कोणा गुराख्याची आरोळी आली. परवाना नाही, बॅटरी नाही, तार नाही. चिरंजीवांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मुकाट्यानं चहा मागितला.

या हाळीचा पहिला नियम असा, की बोलण्याआधी ऐकायचं. त्या लहरीवर आधीच कोणी बोलत असेल, तर गप्प बसायचं. कोणी ऐकू आलं नाही तरी ‘ही जागा रिकामी आहे ना?’ असं विचारून मगच तोंड उघडायचं. आता शनिवारी रात्री याच शहापूर-मुरबाडच्या शिवारात जाऊन बघा. पॅकेजचे तंबू, दिव्यांच्या माळा आणि मध्यरात्रीपर्यंत ढणाढणा लाउडस्पीकर. चांदणं बघायला शंभर किलोमीटर आलेली मंडळी ठाण्याच्या वरातीतलीच गाणी ऐकत असतात. त्यांना कोणी ‘घरी स्पीकर असताना हे कशाला?’ असं विचारत नाही. वेडा काय तो मी, हातभर सेटमध्ये हळू आवाजात बोलणारा!

आमच्या बाजूचे वकीलसुद्धा मला मान्य नाहीत. ‘आपत्तीत उपयोगी पडतो हो,’ असं ते घाईघाईनं सांगतात. खरंच आहे ते. १९९३ मध्ये किल्लारीला आणि २००१ मध्ये भूजला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. मुंबईकराला २६ जुलै २००५ विसरता येत नाही. मोबाइल खिशात होता आणि घरी निरोप जात नव्हता. पण म्हणून छंद जोपासतो असं सांगणं, म्हणजे ‘पोहायला का जातोस?’ तर ‘पूर आला तर असावं म्हणून’ असं सांगण्यासारखं आहे.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या चमूसह अंदमानात गेल्या होत्या. त्या बेटांवरून बऱ्याच वर्षांनी हौशी रेडिओला परवानगी मिळाली होती आणि जगभरचे छांदिष्ट त्या बेटांची हाक ऐकायला टपले होते. हेतू शुद्ध हौसेचा. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन गेले आणि हौसेसाठी उभारलेल्या त्याच तारांवरून बेटांवरच्या माणसांच्या खुशाल्या बाहेर पडू लागल्या. उपयोगापुरतंच बघणारा कोणी आधी भेटला असता, तर ‘पोर्ट ब्लेअरला फोन असताना हे कशाला?’ असं विचारून त्यानं त्यांना घरीच बसवलं असतं. उपयोगी पडलेला सेट तिथे होता, तो बिनउपयोगी कामासाठी नेलेला म्हणून.

आमच्या या बिनकामाच्या छंदाची किंमत ब्रिटिशांना बरोबर कळली होती. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच त्यांनी हौशी लोकांचे परवाने रद्द करून यंत्रं जमा करायला लावली. तरी १९४२ च्या ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवलाच.

तेव्हा मोबाइलवाल्यांनो, तुमचा मोबाइल तुम्हांला लखलाभ. मीही वापरतो, टेकडीवरून जेवायला खाली बोलावण्यासाठी सौ. त्याच्यावरूनच फोन करते, अर्थात रेंज असेल तेव्हा. नसेल तेव्हा ती पायथ्याशी उभी राहून हाळी देते, आणि ती मात्र पाच वॅटची नसते. बारा वर्षांपुढच्या कोणालाही ही परीक्षा देता येते. आमच्या कन्येनं पुस्तक मागून घेतलं आहे. पहिलं प्रकरण वाचून झालं. दुसऱ्यात ओहमचा नियम लागतो, तिथे तिला सध्या मी मदत करतो आहे.