भूमीचा कौल आणि शहराचे ताट

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर आहे व पूर्व बाजूस माण तालुका आहे. दोहोंमधील वाट शंभर-सव्वाशे किलोमीटरांची. मोटारीने तीन-चार तासांत मनुष्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज जातो. परंतु महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो आणि माणदेशाच्या वाट्यास जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. जिल्हा एक, कलेक्टर एक, भाषाही एकच; पण आकाशाच्या हिशेबाने पाहू गेल्यास हे दोन निराळे देश होत. अशा दोन देशांत एकच पीक यावे व दोन्हीकडील लोकांनी एकच अन्न खावे, असे कोणी म्हणाल्यास आपण त्यास हसू. असे असता गेल्या साठ वर्षांत आपण सर्वांनी मिळून जे चालविले आहे ते याहून फारसे निराळे नाही, हे आज आमच्या वाचकांच्या नजरेस आणून द्यावे असा आमचा हेतू आहे.

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. भाषेबरोबर ताटही बदलते, आणि त्यास कारण लोकांची लहर नसून पायांखालची जमीन असते. कोकणपट्टीची जमीन जांभ्या दगडाची. पाऊस मुबलक, पण पाणी या दगडातून झिरपून निघून जाते. म्हणून सखल खाचरांत भात, वरकस उतारावर नाचणी, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, कातळावर आंबा-काजू आणि किनाऱ्यास नारळ, अशी तेथील वाटणी झाली. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मासळी आणि वर आमसुलाची सोलकढी हे जेवण कोणा स्वयंपाक्याने बसून योजिलेले नाही; समुद्र, दगड आणि पाऊस या तिघांनी ते ठरविले.

घाट चढून वर आले म्हणजे मावळ लागतो. येथील दऱ्यांतील दमट हवेत मोहरलेल्या आंब्याच्या वासाचा आंबेमोहोर पिकतो. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. ज्या वरीच्या तांदळास शहरात एकादशीपुरताच मान आहे, ती डोंगरातील माणसाच्या पोटाचा बारमाही आधार होती. आणखी थोडे पूर्वेस सरकले की सह्याद्रीने अडविलेल्या ढगांची कृपा संपते व देश सुरू होतो.

या देशावरील काळ्या जमिनीची करामत आमच्या शहरवासी वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा खडक झिजून ही माती झाली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून पाणी पोटात धरून ठेवते. सोलापुराकडे पावसाचा खरा भर भाद्रपद-आश्विनात. म्हणून शेतकरी पावसाळाभर रान मोकळे ठेवितो, कुळवून ओल मुरवितो, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरतो. त्यानंतर पावसाचा एक थेंब न पडला तरी मातीत साठलेल्या ओलीवर व हिवाळ्याच्या थंडीवर ते पीक पौषात हुरड्यास येते आणि माघ-फाल्गुनात खळ्यावर येते. धान्य माणसास, कडबा जनावरास; एका पेरणीत दोन पोटे भरतात. मोहोळच्या शेतकी केंद्रात निवडलेला मालदांडी वाण आजही या पट्ट्यात पाय रोवून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच रानात पाटा-पाटाने करडई. म्हणजे भाकरी आणि भाजीचे तेल एकाच शेतातून घरी येई. कालवा नाही, पंप नाही, आकाश आणि माती यांच्याच भांडवलावर चाललेला हा संसार होता.

खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी होते आणि तिच्या जोडीस वांग्याचे भरीत असते. वऱ्हाडच्या काळ्या रानात कापसाच्या ओळींमध्ये तूर उभी राहते, म्हणून तेथल्या घरात वरण दाट. पुढे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत पुन्हा भात येतो. पण कोकणातील आयता भात तो नव्हे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने उतार ओळखून बांधलेल्या हजारो तलावांच्या पाण्यावर तो पिकतो, आणि त्याच तलावांतील मासळी त्या भाताबरोबर ताटात येते.

यावरून कोणी असे समजू नये की, आजोबांनी जे पेरिले तेच नातवाने पेरावे असे आमचे म्हणणे आहे. मिरची या भूमीतील नव्हे, भुईमूगही नव्हे, दोन्ही अमेरिका खंडांकडून पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यास लागली. आज मिरचीच्या ठेच्यावाचून आणि शेंगदाण्याच्या कुटावाचून मराठी जेवण सुचत नाही. हापूस हे नावच पोर्तुगीज आहे. कोल्हापुरास पंचगंगेचे पाणी व बरा पाऊस आहे, म्हणून तेथील ऊस आणि गूळ यांच्याविषयीही आमची तक्रार नाही. नवे पीक येवो, अवश्य येवो. पण त्याने जमिनीस विचारून यावे. ज्या पिकाने जमिनीस विचारले ते तिचे झाले. ज्याने विचारले नाही, त्याचे देणे आज आपण फेडीत आहो.

हे देणे कसे झाले ते पाहू. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि सरकारी खरेदीचा सारा भर गहू व तांदूळ या दोन धान्यांवर पडला. देश तेव्हा अन्नासाठी दारोदार फिरत होता. त्या धोरणाने उपासमार टळली, हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो खाऊन दिवस काढिले, त्यांस भरल्या कोठाराचे मोल आम्ही सांगावयास नको. परंतु संकटातला उपाय हीच कायमची रीत होऊन बसली. पंजाब, हरियाणा वा मध्यप्रदेशातला गहू आगगाडीने येऊन माणदेशातल्या स्वस्त धान्य दुकानात पडू लागला, आणि माणदेशातल्या ज्वारीला तेच दुकान विचारीना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचाही समावेश आहे. पण आमच्या बहुतेक गावांत पिशवीतून घरी येतो तो गहू आणि तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तो फुकट मिळतो. शेजाऱ्याचे धान्य फुकट आणि आपले विकत, असे झाल्यावर घरच्या पिकाची किंमत घरातच कोण ठेवील? १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात खरीप व रब्बी मिळून ज्वारीखाली सुमारे ६० लाख हेक्टर जमीन होती. आज ती त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ खाली आहे. करडईची तर गोष्टच नको. सारा देश आज खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणितो.

या रिकाम्या झालेल्या जागेपैकी जेथे जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस शिरला. उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा सोलापूर जिल्हा पाहता पाहता साखर कारखान्यांचा जिल्हा बनला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहून पाणी पितो. राज्याच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ४ टक्के जमिनीवरील हे एक पीक सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेते, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच मागल्या दशकात लिहून ठेविले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास प्यावयाचे पाणी मिरजेहून आगगाडीने न्यावे लागले, त्या वेळी सर्वांनी हळहळ व्यक्त केली. त्याच मराठवाड्यात त्याच वर्षांत उसाची धुराडीही पेटलेली होती, याची हळहळ मात्र थोड्यांनाच वाटली.

येथे कोणी म्हणेल की, शहरात बसून शेतकऱ्यास 'तू ऊस लावू नकोस, ज्वारी लाव' असे सांगणे सोपे आहे. त्याच्याही मुलांस शाळा आहे, लग्नकार्य आहे, त्याने काय जन्मभर कोरडवाहूच राहावे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास उत्तर न देता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उसास कायद्याने ठरलेला भाव आहे व दाराशी गिऱ्हाईक आहे. ज्वारीचा हमीभाव दरसाल जाहीर होतो, पण गहू-तांदळाच्या मानाने खरेदी नाममात्र. त्यातून ज्वारीची काढणी हाताने उपटून करावयाची, मजूर मिळत नाही, आणि कणसे भरली की पाखरांची राखण. असे असता जो शेतकरी ऊस लावितो तो मूर्ख नव्हे. उलट बाजाराचा कौल त्यास आपल्यापेक्षा अधिक चांगला समजतो. दोष त्या कौलाचा आहे, आणि तो कौल सरकार, व्यापारी व खाणारा या तिघांनी मिळून दिलेला आहे. म्हणून सुधारणेचा उपदेश शेतकऱ्यास करण्याआधी तो आपण आपल्यासच केला पाहिजे.

पहिली गोष्ट मानाची. आमच्या समाजात पोळी पाहुण्याची आणि भाकरी गड्याची, अशी एक जात अन्नासही लागली आहे. ज्या भाषेत 'भाकरी' हा शब्द उपजीविकेलाच लावतात, त्या भाषेच्या लोकांनी पंक्तीत भाकरी वाढण्याची लाज बाळगावी, याहून विपरीत काय असणार? आता त्यात एक नवे नवल घडत आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून शहरातील सुखवस्तू लोक ज्वारी-नाचणीकडे वळले आहेत, कित्येक शहरांत ज्वारी गव्हाहून महाग झाली आहे, आणि जिने पिढ्यान्पिढ्या भाकरी थापली तिच्या घरी फुकटचा गहू शिजतो आहे. श्रीमंताने पथ्य म्हणून खावे आणि गरिबाने परवडत नाही म्हणून सोडावे, अशी स्थिती आली तर भाकरीचा मान वाढला असे आम्ही म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळिले. वर्ष संपले, मेजवान्या संपल्या. दुकानातील पिशवी तीच राहिली.

तेव्हा सरकारकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यात जे पिकते ते त्या जिल्ह्यात हमीभावाने विकत घ्यावे आणि त्याच जिल्ह्यातील स्वस्त धान्य दुकानांत, अंगणवाड्यांत व शाळांच्या खिचडीत घालावे: सोलापूर-बीडला ज्वारी, कोकण व घाटमाथ्यास नाचणी, झाडीपट्टीस तेथलाच तांदूळ. हे स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी व उत्तरेकडे ज्वारी सरकारी दुकानांतून वाटण्यात आली आहे. ओडिशाने २०१७ साली मोहीम आरंभून डोंगराळ जिल्ह्यांतील नाचणीस सरकारी खरेदीचे दार उघडून दिले. जे त्यांस साधले ते आम्हांस का साधू नये?

व्यापारी बंधूंकडे आमचे मागणे निराळे आहे. मालदांडीच्या नावाखाली वाटेल ती ज्वारी विकू नका; गावाचे व वाणाचे नाव पोत्यावर खरे लिहा आणि त्या नावाबद्दल गिऱ्हाईक जो जास्त पैसा देतो त्याचा न्याय्य वाटा खळ्यापर्यंत पोहोचू द्या. ज्यात शेतकऱ्याचा वाटा नाही असा व्यापार फार दिवस टिकत नाही. कारण पुढच्या वर्षी तो पेरीतच नाही. भाकरी घरातून गेली त्याला ती थापण्याचे कष्टही कारण आहेत, व ते कष्ट एकट्या बाईनेच उपसावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण सोलापूरच्या स्त्रियांनी कडक भाकरीचा धंदा उभा करून त्याच कष्टास मोल मिळवून दिले आहे. अशा उद्योगांस पेढ्यांनी उधारी आणि दुकानांनी जागा दिली, तर तेही देशकार्यच होय.

आणि शहरवासी वाचकांस एवढेच सांगणे की, आपल्या ताटात काय पडते याचा हिशेब कोठे तरी विहिरीच्या तळाशी लिहिला जात असतो. आठवड्यातून चार दिवस आपल्या मुलखाचे धान्य घरात शिजले, लग्नाच्या पंक्तीत एक भाकरी मानाने वाढली गेली, तर त्याने क्रांती होणार नाही हे आम्ही जाणतो; पण बाजार हा असल्या लहान लहान मागण्यांचीच बेरीज आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आमच्यातील लहान मूलही जाणते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे लोकांस उघडून दिली, म्हणून त्यांचे नाव राहिले. त्या कोठारांत कोणते धान्य होते हे आपण सहसा विचारीत नाही; मंगळवेढ्याची जमीन पाहिली म्हणजे उत्तर शोधावे लागत नाही. कोठार उघडण्याचे पुण्य थोर खरेच. पण ते उघडता येण्यासाठी आधी कोणी तरी त्या काळ्या रानात हस्ताच्या ओलीवर पेरावे लागते, आणि ते पेरणे त्यास परवडावे लागते. पुढचा दुष्काळ येणार यात शंका नाही. त्या दिवशी आपल्या कोठारात या भूमीचे काही असेल की नाही, हे आजच्या बाजारात ठरत आहे.